पाणी, सांडपाणी आणि आपली मुले

(संस्थेच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कार समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याचे काम संस्थेने आमच्यावर सोपविले आहे. आम्ही बँकेत कारकून. पदवी कला शाखेची. अभियांत्रिकीचे आम्हांला काय कळणार, असे कोणी म्हटले तर त्यात गैर काही नाही. पण गेल्या वर्षी याच सभागृहात असाच समारंभ झाला, त्यानंतर चहाच्या वेळी एका बांधवांनी आम्हांला एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्याजवळ नव्हते. वर्षभर ते शोधले, माहीतगारांना विचारले, पुस्तके चाळली. आजचे हे भाषण म्हणजे तेच उत्तर आहे.

त्या बांधवांची मुलगी बारावी विज्ञान चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती. प्रवेशाच्या शाखांची यादी पाहताना तिने पर्यावरण अभियांत्रिकीवर बोट ठेवले. वडिलांनी चौकशी केली, तेव्हा कोणीतरी सांगितले की या शाखेत सांडपाणी, मैला, कचरा हेच शिकवतात. ते आम्हांला म्हणाले, "भाऊ, आमचा आजा गावात मेलेली गुरं ओढत होता. बाप नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर होता. मी कसाबसा कचेरीत आलो. आता पोरीला लाखभर रुपये खर्चून शिकवायचं, आणि पुन्हा गटारीवरच पाठवायचं का?"

बंधूंनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याच्या तीन पिढ्यांच्या अंगाला तो वास चिकटला होता, त्यालाच हा प्रश्न पडतो. म्हणून उत्तरही आपल्या इतिहासापासूनच सुरू करावे लागेल.

आपल्या लढ्याची सुरुवात पाण्यापासून झाली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. त्यानंतर काय झाले? सनातन्यांनी तळे 'बाटले' म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या एकशे आठ घागरी त्यात ओतून ते 'शुद्ध' केले! पुढे दहा वर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला.

विद्यार्थी मित्रांनो, ही घटना तुम्ही दरवर्षी ऐकता. आज ती अभियंत्याच्या नजरेने पाहा. ज्या पाण्यात शेण पडते ते पाणी शुद्ध होते की दूषित होते? शेणातून पाण्यात जे जंतू जातात, तेच जंतू पाण्यात आहेत का, हे आज प्रयोगशाळेत तपासतात. शंभर मिलिलिटर पिण्याच्या पाण्यात ई-कोलाय नावाचा जंतू एकही सापडता कामा नये, असा भारतीय मानक आहे. म्हणजे माणसाच्या स्पर्शाने न बाटलेले तळे त्या 'शुद्धी'ने मात्र खरोखर बाटविले. शुद्ध काय आणि अशुद्ध काय, हे या देशात हजारो वर्षे जन्मावरून ठरले. ते मोजमापावरून ठरविणारे जे शास्त्र आहे, त्याचे नाव पर्यावरण अभियांत्रिकी. आमच्या मते आपल्या मुलांना याहून जवळची दुसरी शाखा नसेल.

आता हे शास्त्र काय करते ते थोडक्यात पाहू. नदीचे किंवा धरणाचे पाणी जलशुद्धीकरण केंद्रात येते. प्रथम ते पायऱ्यांवरून खळखळत सोडून त्यात हवा मिसळतात. मग त्यात तुरटी घालतात. आपल्या आया-आज्या पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवीत, तेच हे काम, पण मोजून. आज पाणी किती गढूळ आहे आणि त्याला किती तुरटी लागेल, हे काचेच्या भांड्यांत ढवळून रोज ठरवावे लागते. तुरटीने गाळाचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. वरचे पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. क्लोरीन इतके द्यायचे की शेवटच्या घराच्या नळालाही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहिले पाहिजे. हे 'शेवटचे घर' कोणाचे असते, ते आपल्याला सांगायला नको. जलवाहिनी जिथे संपते, जिथे पाणी कमी दाबाने येते आणि शेजारच्या गटाराचे पाणी फुटक्या नळात शिरते, त्या वस्त्या बहुधा आपल्याच असतात. तिथल्या नळाचा नमुना घेऊन क्लोरीन तपासा म्हणणारा अभियंता त्या वस्तीतून आलेला असेल तर किती फरक पडेल!

आता सांडपाण्याकडे वळू. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे असा नियोजनाचा दंडक आहे. एक लाख वस्तीचे गाव धरा. रोजचे पाणी झाले एक कोटी पस्तीस लाख लिटर. त्यातले सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन परत येते. म्हणजे रोज एक कोटी आठ लाख लिटर. ते कोठे जाते? प्रक्रिया नसेल तर नाल्यातून नदीत जाते, आणि खालच्या गावाचे पिण्याचे पाणी होते.

नदीतला मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. सांडपाण्यातली घाण खाऊन जगणारे जंतू तोच प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त, तितका प्राणवायू जास्त लागतो. यावरून घाण मोजण्याचे माप काढले आहे, त्याला बीओडी म्हणतात. आपल्या हवामानात नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवून ते मोजतात. कच्च्या सांडपाण्यात हा आकडा लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. प्रक्रियेनंतर तो ३० च्या खाली, आणि कडक निकष लावले तर १० च्या खाली आणावा लागतो. गंमत अशी की हे काम करणारे कामगारही तेच जंतू असतात. टाकीत भरपूर हवा देऊन त्यांना वाढवायचे, त्यांच्याकडून घाण खाववायची, मग त्यांना तळाशी बसू द्यायचे आणि थोडे पुन्हा कामाला लावायचे. ही पद्धत इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ साली मांडली आणि आजही जगभर चालते. आम्ही स्वतः एक केंद्र पाहून आलो. ज्या तोंडाशी पाणी येते तिथे नाकाला रुमाल लावला होता. शेवटच्या टाकीपाशी पोहोचेपर्यंत रुमाल खिशात कधी गेला ते कळले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गटारीवर पाठवायचे का?

आपल्या देशात माणूस गटारात उतरतो आणि मरतो. का मरतो? साचलेल्या मैल्यात प्राणवायू संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खालीच साचून राहतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण जास्त असेल तर नाकाची जाणीवच मरते आणि वास येत नाही. वास नाही म्हणून माणूस निर्धास्त उतरतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो. एकाच मॅनहोलमध्ये दोन-दोन, तीन-तीन जण गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्याचे कारण हे आहे.

याविरुद्ध कायदा १९९३ साली झाला. दुसरा, अधिक व्यापक कायदा २०१३ साली झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. श्री. बेझवाडा विल्सन यांनी या प्रश्नावर आयुष्य वेचले आणि त्यांना २०१६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे सर्व आवश्यकच आहे. पण बंधूंनो, भरपाई मेल्यानंतर मिळते. माणसाला उतरावेच लागू नये, ही व्यवस्था कायद्याच्या कलमाबरोबरच नकाशावरही करावी लागते. नळाला पुरेसा उतार दिला आणि पाणी सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेगाने वाहिले, तर ते आपला गाळ आपणच वाहून नेते. उतार चुकला, नळाचा व्यास चुकला की गाळ बसतो, गटार तुंबते आणि मग कोणाला तरी उतरवितात. म्हणजे कार्यालयात बसून कोणीतरी रेघ चुकीची ओढतो, आणि त्याची शिक्षा दहा-वीस वर्षांनी आपल्या भावाला मिळते. केरळमधील काही तरुण अभियंत्यांनी २०१८ साली 'बॅन्डिकूट' नावाचे यंत्र आणले. ते मॅनहोलमध्ये उतरते आणि माणूस वर उभा राहतो. हे कोणाला तरी सुचले म्हणूनच झाले ना?

म्हणून आमचे उत्तर असे आहे. आपल्या आजोबांना घाणीजवळ जन्माने पाठविले. त्यांच्या हातात झाडू आणि दोर दिला, पण नकाशा, प्रयोगशाळा, निविदा आणि सहीचा अधिकार दुसऱ्यांच्या हाती ठेवला. आपली मुलगी जाईल ती सहीच्या अधिकारावर जाईल. काम सोडणे हा एक मार्ग होता. बाबासाहेबांनी मेलेली गुरे ओढू नका, मृत मांस खाऊ नका असे बजावले, आणि तेव्हा तेच योग्य होते. पण त्याच बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना पाण्याचे नियोजन हाती घेतले. दामोदर खोऱ्याची योजना आणि १९४५ साली स्थापन झालेला केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग यांत त्यांचा मोठा वाटा आहे. ज्यांना तळ्याच्या काठावरून हाकलले, ते देशाच्या नद्यांचा आराखडा करू लागले. मुलीपुढे ठेवायचा आदर्श हा आहे.

धम्मातही या कामाला कमी लेखलेले नाही. भिक्खूच्या अष्ट परिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्राबरोबर पाणी गाळण्याचे फडके आहे. पाण्यात थुंकू नये, मलमूत्र विसर्जन करू नये, असा नियम विनयात आहे. आणि रस्ते झाडणाऱ्या सुनीताला तथागतांनी संघात घेतले, तो स्थविर झाला, हे तर आपल्या मुलांनाही ठाऊक आहे.

आता व्यवहाराचे बोलू.

चार वर्षांच्या या पदवीत पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र असते. पुढे सर्वेक्षण, द्रवगतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पाणीपुरवठा, सांडपाणी, हवेचे प्रदूषण, घनकचरा, धोकादायक कचरा, ध्वनी आणि पर्यावरणीय आघाताचे मूल्यमापन हे विषय येतात. कायदेही शिकावे लागतात. जल कायदा १९७४ चा, हवा कायदा १९८१ चा आणि डिसेंबर १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर आलेला पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. रसायन आणि गणिताची भीती असेल तर ही शाखा घेऊ नये. निसर्गाची आवड आहे, झाडे आवडतात, एवढ्यावर तर मुळीच घेऊ नये. इथे झाडांपेक्षा पंप आणि टाक्या जास्त आहेत.

आता एक कबुली. ती दिल्याशिवाय हे मार्गदर्शन प्रामाणिक होणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीतील एका हुशार मुलाने आम्हांला विचारले, "काका, पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी घेऊ का?" आम्ही काही चौकशी न करता म्हणालो, "घे रे, इंजिनिअर तो इंजिनिअर!" तो उत्तम गुणांनी पास झाला. मग एका कार्यालयाची जाहिरात आली. काम पाणीपुरवठ्याचे, म्हणजे त्याने शिकलेलेच. पण पात्रता लिहिली होती 'स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी'. त्याचा अर्ज बाद झाला. त्याचे एक वर्ष गेले, आणि त्या घरात एका वर्षाची किंमत काय असते ते आम्हांला माहीत होते. त्याने आम्हांला एका शब्दाने दुखविले नाही, पण आम्हांला आमचे ते वाक्य आजही बोचते. पुढे तो गेट परीक्षेला बसला, एम.टेक. झाला आणि आज एका सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर जबाबदारीच्या जागी आहे. आम्ही जे केंद्र पाहिले ते त्यानेच दाखविले.

त्यातून शिकलेली गोष्ट अशी. या क्षेत्रात जाण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला, पदवीलाच पर्यावरण अभियांत्रिकी घेणे. धनबादची आय.आय.टी., दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी, अहमदाबादचे एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालय अशा मोजक्या ठिकाणी ही पदवी आहे. दुसरा, पदवी स्थापत्याची घ्यायची आणि एम.टेक. पर्यावरणात करायचे. स्थापत्याच्या पदवीत पाणीपुरवठा आणि सांडपाणी हे विषय असतातच. पहिल्या रस्त्याने विषय खोल कळतो आणि कारखाने, सल्लागार संस्था, संशोधन यांत त्याला मान आहे. गेट परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपरही आहे. पण केंद्राच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेत स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचार असे चारच गट असतात, आणि शासकीय जाहिरातींत पुष्कळदा 'स्थापत्य' हाच शब्द असतो. ज्या घराला सरकारी नोकरीचाच आधार हवा आहे, त्या घराने दुसरा रस्ता धरावा असे आमचे मत झाले आहे. कोणताही रस्ता घ्या, पण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि महानगरपालिका यांच्या मागील दोन-तीन जाहिराती काढून पात्रतेचा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आमच्यासारख्या काकांच्या भरवशावर राहू नका.

संशोधनाची हौस असेल त्यांनी नागपूरकडे पाहावे. तेथील नीरी ही संस्था १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संशोधनासाठी स्थापन झाली, १९७४ साली तिला आजचे नाव मिळाले. आपण दरवर्षी दीक्षाभूमीला जातो. त्याच शहरात ही संस्था आहे. मुलांना एकदा तिच्या दारावरून तरी नेऊन आणा.

पैशाचे आणि कागदांचे मात्र आम्हांला कळते, कारण तो आमचा रोजचा धंदा आहे. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र बारावीच्या निकालाची वाट न पाहता अकरावीतच मार्गी लावा. केंद्राच्या संस्थेत जायचे असेल तर केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा काढावा लागतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, पण दाखला चुकीच्या नमुन्यात असेल तर ती सवलत टेबलावरच राहते. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना, आणि पुढे परदेशी जाणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, यांची उत्पन्नमर्यादा व तारखा त्या त्या वर्षीच्या पाहाव्यात. शैक्षणिक कर्ज हा शेवटचा उपाय समजावा. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि हप्ते बहुधा अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते, हे आमच्या खिडकीवर सही करणाऱ्या किती पालकांना ठाऊक असते? शक्य असेल त्यांनी शिक्षण चालू असतानाच व्याज भरीत जावे.

संस्थेलाही एक विनंती आहे. या स्मरणिकेच्या जाहिरातींतून जे चार पैसे उरतील त्यांतून अभियांत्रिकीच्या पुस्तकांचे एक कपाट विहारात ठेवावे, आणि आपल्या समाजातील जे अभियंते झाले आहेत त्यांनी महिन्यातून एक रविवार त्या कपाटाजवळ बसावे. आमच्यासारख्या कारकुनाच्या सल्ल्यापेक्षा ते मोलाचे होईल.

आता त्या बांधवांच्या मुलीचे सांगतो. ते आज समोरच बसले आहेत. मुलीने दोन्ही रस्त्यांचा विचार केला आणि स्थापत्य शाखेत शासकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. एम.टेक. पर्यावरणातच करणार असे ती म्हणते. गेल्या महिन्यात महाविद्यालयाने त्यांना एक जलशुद्धीकरण केंद्र दाखवायला नेले. घरी येऊन तिने वडिलांना सांगितले, "बाबा, तिथे सगळ्या खुर्च्या वर आहेत आणि उतरणारी माणसं खाली आहेत. मला खुर्ची पाहिजे, पण खाली कोणी उतरू नये म्हणून पाहिजे."

महाडच्या तळ्यावर आपण पाणी पिण्याचा हक्क मिळविला. ते पाणी सर्वांसाठी स्वच्छ ठेवण्याचे ज्ञान आणि अधिकार मिळविणे, हे या मुलांचे काम आहे. त्यांना ते जमो, एवढी मंगल कामना करतो आणि आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!